विरोपांची दप्तरे आणि पीडीएफचा मोह

मराठी साहित्यव्यवहाराला लेखकांच्या पत्रांचे फार प्रेम आहे. ती पत्रे ज्या वस्तूवर लिहिलेली असतात त्या वस्तूविषयी मात्र कमालीची बेफिकिरी आहे. जी. ए. कुलकर्णी १९८७ साली गेले. त्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले. त्यांतला पहिला सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रे २००३ साली ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुस्तकरूपात आली. एका पत्रसंवादाच्या दोन्ही बाजू शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची अशी संधी मराठी वाचकाला क्वचितच मिळते. ती मिळाली, कारण दोन्हीकडचे कागद राहिले.

पुढच्या पिढीचे काय? विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. तेव्हापासूनच्या तीन दशकांतला मराठी लेखकांचा, संपादकांचा, अनुवादकांचा आणि भांडखोर समीक्षकांचा परस्परव्यवहार प्रामुख्याने ई-मेलवर झाला. या काळात आपण काय केले? ई-मेलला ‘विरोप’ म्हणावे की ‘विपत्र’, यावर हिरीरीने वाद घातला. नामकरण यथासांग पार पडले. ज्याचे बारसे केले ते बाळ कुठे ठेवले आहे, हे मात्र कोणी विचारले नाही.

कोणी विचारलेच, तर दोन उत्तरे येतात. पहिले, ‘सगळे जीमेलमध्ये आहे.’ दुसरे, ‘महत्त्वाचे तेवढे पीडीएफ करून ठेवले आहे.’ ही दोन्ही उत्तरे घातक आहेत आणि दुसरे पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याही पुढे जाऊन मी असे म्हणेन, की जुना ई-मेल कोणत्या फाइल-स्वरूपात जतन करायचा हा प्रश्न संगणकवाल्याकडे सोपवून मोकळे होण्याचा नाही. तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे आणि तो सोडवण्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांचीच आहे.

पहिल्या उत्तराचा निकाल लवकर लावता येतो. याहू ग्रुप्सवर अनेक मराठी मंडळींचे गट होते. याहूने २०१९ साली तिथला जुना मजकूर काढून टाकण्याचे जाहीर केले आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ती सेवाच बंद झाली. गूगलने २०२३ साली धोरण जाहीर केले, की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जाऊ शकतात. त्याची अंमलबजावणी त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून सुरू झाली. लेखक वारल्यावर त्याचे खाते कोण वापरणार? पासवर्ड बहुधा त्याच्याबरोबरच गेलेला असतो. घरच्यांचा शोक ओसरून, कागदपत्रे आवरून, कोणा अभ्यासकाची गाठ पडेपर्यंत दोन वर्षे सहज जातात.

आता पीडीएफ. ‘दिसते तसे टिकते’ ही त्याची ख्याती आहे आणि ती खोटी नाही. दीर्घकालीन जतनासाठी पीडीएफचा एक खास प्रकार आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून २००५ साली मान्यही झाला. छापील पानासाठी, दस्तऐवजाच्या प्रतिमेसाठी तो उत्तम आहे. परंतु ई-मेल हे पान नव्हे. ई-मेल म्हणजे ओळीमागून ओळ लिहिलेला मजकूर. त्याच्या डोक्यावर हेडरच्या ओळी असतात, मग एक रिकामी ओळ, मग पत्राचा देह. ही रचना १९८२ साली एका जाहीर तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवली गेली. २००१ आणि २००८ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या, पण सांगाडा तोच राहिला. पडद्यावर आपल्याला जे दिसते ते त्या मजकुराचे एक वाचन असते. पीडीएफ त्या वाचनाचे छायाचित्र काढते आणि मूळ पोथी टाकून देते.

मूळ पोथीत काय होते? तारीख होती, आणि ती वेळेच्या पट्ट्यासह होती. न्यू जर्सीहून एखाद्या अनुवादकाने जानेवारीच्या तीन तारखेला रात्री अकरा वाजता लिहिलेले पत्र पुण्यात उघडले, की चार तारखेचे सकाळी साडेनऊचे दिसते आणि पीडीएफमध्ये तेच छापले जाते. मूळ हेडरमध्ये मात्र तीन तारीख असते आणि शेजारी ग्रीनिचपेक्षा पाच तास मागे असल्याची नोंद. मोडी पत्रांशी ज्यांची गाठ पडली आहे त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. जुन्या मराठी पत्रांत पुष्कळदा नुसता चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, वर्ष नसते. ते वर्ष ठरवण्यात इतिहाससंशोधकांच्या हयाती गेल्या आहेत. इथे तर यंत्राने प्रत्येक पत्रावर पळापर्यंत काळ लिहून ठेवला आहे. आणि आपण तो छपाईच्या वेळी निष्कारण घालवतो.

हेडरमध्ये आणखीही बरेच असते. प्रत्येक संदेशाचा एक स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. उत्तरादाखल आलेल्या संदेशात मूळ संदेशाचा क्रमांक नोंदलेला असतो. म्हणजे कोणते पत्र कोणत्या पत्राचे उत्तर, हा पत्रसंपादकाचा सनातन प्रश्न हेडर जपले तर बहुतांशी आपोआप सुटतो. २००७ नंतर अनेक सेवांनी जाणाऱ्या संदेशांवर एक गणिती सही घालायला सुरुवात केली. ती सही त्या सेवेच्या नावाने असते, लेखकाच्या हाताची नव्हे. पण संदेश तिथून निघाल्यानंतर त्यात फेरफार झाला की नाही, हे तिच्यावरून पडताळता येते. अट एकच, मूळ मजकूर जसाच्या तसा हवा. पडताळणीच्या चाव्या सेवा कालांतराने बदलतात, म्हणून हे काम वेळीच करून त्याची नोंद ठेवलेली बरी. बनावट पत्रे, बनावट बखरी आणि त्यांवरून झालेले वाद यांचा एवढा अनुभव गाठीशी असलेल्या समाजाने तरी अस्सलपणाचा हा पुरावा कचऱ्यात टाकू नये. पीडीएफमध्ये ही सही उरत नाही. एखाद्याने पत्र ‘फॉरवर्ड’ करून पाठवले तरी मूळ हेडर बहुधा गळते, आणि आपल्याकडे वारसदार अभ्यासकांना पत्रे देतात ती नेमकी याच रीतीने.

देवनागरीच्या बाबतीत पीडीएफचा आणखी एक दोष आहे आणि तो इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. पीडीएफमध्ये मूलतः अक्षरे नसतात, अक्षरांच्या आकृत्या असतात. ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण उच्चारात आणि युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर येते. जोडाक्षराची तर एकच आकृती असते. आकृतीवरून अक्षराकडे परत जाण्याची वाट नीट नोंदलेली नसेल, तर पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात वेलांट्या भलत्याच अक्षरांना चिकटतात, जोडाक्षरे फुटतात, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र विरघळून जातो. डोळ्यांनी वाचता येते, पण शोधता येत नाही, मोजता येत नाही, कोशासाठी उतरवून घेता येत नाही. ज्यांनी मराठी पीडीएफमधून उतारा उचलून प्रबंधात डकवण्याचा प्रयत्न केला आहे, त्या विद्यार्थ्यांना मी काय म्हणतो ते तत्काळ कळेल.

प्रतिपक्षाला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे, की पीडीएफच्या पोटात मूळ संदेश अखंड ठेवून वर वाचनीय पान घालायचे, अशा प्रकारचे काम अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या पुढाकाराने झाले आहे. ते अभ्यासपूर्ण आहे. पण त्या कामाचा पायाच ‘मूळ संदेश अखंड’ हा आहे. आपल्याकडे ‘प्रिंट’ दाबून जी पीडीएफ निघते, तिचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही.

पीडीएफच्या खालोखाल धोका आहे तो एखाद्या कंपनीच्या खासगी पेटाऱ्याचा. अनेक लेखकांचे जुने ई-मेल आउटलुकच्या पीएसटी फाइलींत पडून आहेत. २००२ पर्यंतच्या आउटलुकची पीएसटी फाइल २ जीबीची मर्यादा ओलांडू लागली की बिघडत असे, आणि ती सोडवण्यासाठी जे साधन मायक्रोसॉफ्टने दिले, ते फाइलीचा काही भाग कापूनच ती उघडत असे. याहून वाईट गोष्ट देवनागरीची. त्या जुन्या प्रकारात मजकूर विंडोजच्या स्थानिक कोडपेजमध्ये साठवला जाई, आणि विंडोजने देवनागरीला असे कोडपेज कधी दिलेच नाही. परिणामी विषयाच्या ओळीत आणि नावांत मराठीऐवजी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. एका दिवंगत समीक्षकाच्या घरून आलेली अशी एक सीडी मी पाहिली आहे. एका संस्थेने ती ‘सुरक्षित’ म्हणून कपाटात ठेवली होती. विषयांच्या जागी प्रश्नचिन्हे, आणि ती कोणत्या शब्दांवर उमटली हे सांगू शकणारा माणूस हयात नाही. २००३ पासून युनिकोडची सोय झाली, २०१० साली मायक्रोसॉफ्टने या स्वरूपाची अंतर्गत रचना प्रसिद्धही केली. पण जे आधीच प्रश्नचिन्ह झाले ते पुन्हा अक्षर होत नाही.

युडोराची गोष्टही तशीच बोलकी आहे. एकेकाळी विद्यापीठांतून हा प्रोग्राम फार लोकप्रिय होता. तो संदेश साध्या मजकुरात ठेवी, हे चांगले. पण अटॅचमेंट काढून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकी आणि संदेशात केवळ तिचा पत्ता लिहून ठेवी. पत्रांच्या फाइली उचलल्या आणि ते फोल्डर राहिले, की ‘सोबत कविता जोडली आहे’ हे वाक्य उरते आणि कविता जाते.

मग कोणते स्वरूप? माझे उत्तर असे: मूळ संदेश ज्या मजकुररूपात आला त्याच रूपात तो जपणारे. अशी दोन स्वरूपे सर्वत्र प्रचलित आहेत. एक ईएमएल, म्हणजे एका संदेशाची एक फाइल. दुसरे एमबॉक्स, म्हणजे संदेशांमागून संदेश एकाच फाइलीत. थंडरबर्ड हा मुक्त प्रोग्राम आपली पत्रे मुळातच एमबॉक्समध्ये ठेवतो. २०१३ च्या अखेरीपासून गूगलच्या ‘टेकआउट’मधून जीमेलची पत्रे एमबॉक्समध्येच उतरवता येतात. दोन्ही स्वरूपे कोणाच्या मालकीची नाहीत आणि साध्या मजकूर-संपादकात उघडता येतात. पन्नास वर्षांनी आजचा एकही प्रोग्राम उरला नाही, तरी ती वाचण्याचे साधन नव्याने लिहिता येईल.

या दोहोंत मी ईएमएलला झुकते माप देतो, आणि त्याचे कारण अस्सल पाठचिकित्सेचे आहे. जुन्या मराठी पत्राच्या अखेरीस ‘लेखनसीमा’ हा शब्द किंवा मोर्तब असे. पुढे कोणी काही घुसडू नये, यासाठीची ती तजवीज. एमबॉक्समध्ये लेखनसीमा नाही. पुढच्या संदेशाची ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी ओळ आली, म्हणजे मागचा संदेश संपला असे समजायचे. मग एखाद्याने पत्राच्या देहातच एखादी ओळ ‘फ्रॉम’ने सुरू केली तर? प्रोग्रामला ती नव्या पत्राची सुरुवात वाटू नये म्हणून तिच्याआधी एक कोनाकृती चिन्ह घातले जाते. एवढासा प्रक्षेप! पण प्रक्षेप तो प्रक्षेपच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावले. त्या परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला हे चिन्ह खटकले पाहिजे. देहात फेरफार झाला की वर सांगितलेली सहीही जुळत नाही. एमबॉक्सच्या काही प्रकारांत हे चिन्ह नंतर बिनचूक काढता येते, काहींत ते मूळचे की घातलेले हे कळतच नाही; आणि आपल्या हातातली फाइल कोणत्या प्रकारची हे फाइल स्वतः सांगत नाही. (देवनागरीत लिहिणाऱ्यांना हा उपद्रव जवळजवळ होत नाही, कारण त्यांची ओळ रोमन ‘फ्रॉम’ने सुरू होण्याचे कारण नसते. मराठीत लिहिण्याचा एवढा तरी तांत्रिक लाभ नोंदवून ठेवू.) म्हणून सेवेकडून एमबॉक्स मिळाली तर ती न उघडता, न ‘साफ’ करता मूळ म्हणून ठेवावी, आणि तिच्यावरून अभ्यासासाठी एकेका संदेशाची ईएमएल प्रत काढावी. पीडीएफ हवी त्याने वाचायला पीडीएफही काढावी. ती प्रतीची प्रत आहे, एवढे भान ठेवले म्हणजे झाले.

‘हे सगळे पाश्चात्त्यांचे चोचले’ असे म्हणणारे भेटतातच. ब्रिटिश लायब्ररीने २०११ साली वेंडी कोप या कवयित्रीचा संग्रह विकत घेतला, त्यात सुमारे ४०,००० ई-मेल होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने रॉबर्ट क्रीली या कवीच्या ई-मेलवर काम केले आणि पुढे ‘ईपॅड’ नावाचा मुक्त प्रोग्राम २०१५ साली जगाला दिला. त्यात एमबॉक्स घालून पत्रसंग्रह चाळता येतो, खासगी मजकूर वेगळा काढता येतो. चोचले म्हणायचे तर म्हणा. पण १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढे ते गावोगावी वाड्यांतून दप्तरे धुंडाळीत फिरले, तेव्हा त्यांनाही लोकांनी वेड्यात काढले होते. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली उभे राहिले ते अशा वेडांवरच. आज आपल्या एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवली जाते ती पोथ्यांची. शिकवणाऱ्याचा स्वतःचा पंचवीस वर्षांचा वाङ्मयीन पत्रव्यवहार कोणत्या स्वरूपात आहे, हे त्यालाच ठाऊक नसते.

खासगीपणाचा आक्षेप खरा आहे, पण तो प्रकाशनाला आहे, जतनाला नाही. मोहोरबंद ठेवता येते. नष्ट झालेले मोहोरबंद ठेवता येत नाही.

आता एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण माझ्या बाजूचेच लोक तो करतात. ‘साधा मजकूर’ जपा म्हटले, की काही उत्साही मंडळी प्रत्येक ई-मेलचा दिसणारा मजकूर उचलून टेक्स्ट फाइलीत डकवतात. १९९८ ते २००५ या काळातल्या मराठी ई-मेलसाठी हे पीडीएफइतकेच विनाशक आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, विंडोजमध्ये ती विंडोज २००० बरोबर आली, आणि घराघरांतल्या संगणकांवर रुळायला आणखी काही वर्षे गेली. तोवर आपण रोमन लिपीत मराठी लिहीत होतो, नाहीतर श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत. हे फॉन्ट रोमन अक्षरांनाच देवनागरीचा मुखवटा चढवीत. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे असतात. त्यांतला बी तेवढा कॅपिटल. शिवाजीत तोच शब्द निराळ्याच अक्षरांचा, श्रीलिपीत आणखी निराळ्या. म्हणजे फॉन्टचे नाव ही त्या मजकुराची किल्ली आहे. आणि ते नाव कुठे असते? संदेशाच्या एचटीएमएल भागातल्या फॉन्टच्या खुणेत, जी वाचकाला दिसत नाही. दिसणारा मजकूर उचलून टेक्स्ट फाइलीत डकवला, की ही खूण गळते आणि मागे निरर्थक रोमन अक्षरे उरतात. ईएमएलमध्ये संदेशाचे सारे भाग आणि त्या खुणा शाबूत राहतात.

जे युनिकोडमध्ये लिहीत होते, त्यांचेही मजकूर वाटेत विद्रूप होत. काही सेवा त्यांवर पश्चिम युरोपीय लिपीचे लेबल लावीत, मग ‘म’ या एका अक्षराचे तीन चमत्कारिक लॅटिन चिन्हांत रूपांतर होई. काही सेवा प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक लिहीत. ‘म’ म्हणजे २३५०. दिसायला हे भयाण दिसते, पण मूळ बाइट्स हलवले नसतील तर ते पूर्णपणे दुरुस्त करता येते. कोणी ते ‘नीट करून’ पुन्हा साठवले असेल, तर येईलच असे नाही. म्हणून आधी जसेच्या तसे जपावे आणि वाचनाची खटपट नंतर प्रतीवर करावी.

आणि संदेश जपताना त्या काळचे फॉन्टही त्याच पेटाऱ्यात ठेवावे लागतील. फॉन्टचे नाव कळले तरी फॉन्ट हाती नसेल, तर कोणत्या रोमन अक्षरावर कोणते देवनागरी अक्षर बसवले होते, हे शिलालेख वाचल्यासारखे जुळवत बसावे लागेल. प्रचलित फॉन्टांसाठी युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. पण तेव्हा फॉन्टांच्या आवृत्त्या बदलत आणि क्वचित अक्षरांच्या जागाही बदलत. त्यामुळे ज्या संगणकावर ती पत्रे लिहिली गेली, त्याच्या फॉन्ट फोल्डरची प्रत हाच उत्तम पुरावा. लेखकाच्या घरचा जुना संगणक भंगारात जाण्यापूर्वी ती काढून घेतली पाहिजे.